तुटक्या लिंका शोधणारी स्क्रिप्ट धडधाकट लिंकाही तुटक्या ठरवतेय, मदत हवी

गवताळवाट | सोमवार, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी,

आमच्या नाशिकच्या ट्रेकिंग ग्रुपचं एक जुनं संकेतस्थळ आहे. किल्ल्यांच्या वाटा, पाण्याची टाकी, मुक्कामाच्या गुहा, पायथ्याच्या गावात जेवण कुठे मिळतं, असं सगळं २००९ पासून त्यावर साठत गेलंय. जुलै २०२५ मध्ये साल्हेरसह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि आमच्या साल्हेरच्या पानावर वर्दळ वाढली. लगेच एकाची मेल आली, 'पानाखालच्या दहा लिंकांपैकी सहा उघडत नाहीत.' ग्रुपात 'तू आयटीवाला ना' म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मी मुळात डेटाबेसवाला, वेबचं ज्ञान बेताचंच.

पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. ती पान आणते, ब्यूटिफुलसूपने लिंका काढते, यूआरएलजॉइनने अर्धवट पत्ते पूर्ण करते आणि रिक्वेस्ट्स या लायब्ररीने प्रत्येक पत्त्यावर हेड विनंती पाठवते. उत्तराचा क्रमांक ४०० किंवा त्याहून मोठा आला, किंवा काही चूक फेकली गेली, की लिंक लाल, नाहीतर हिरवी. एका वेळी ४० थ्रेड, म्हणजे ४० विनंत्या समांतर.

पहिल्या रात्री लावून झोपलो, सकाळी बघतो तर ६११व्या लिंकवर ढिम्म. रिक्वेस्ट्सला आपणहून वेळमर्यादाच नसते हे तेव्हा कळलं. टाइमआउट दहा सेकंद दिला, मग पूर्ण झाली.

निकाल: एकूण १३८६ लिंका, त्यातल्या ४९७ लाल. लालपैकी तीस हाताने उघडून बघितल्या. बावीस व्यवस्थित उघडतात! म्हणजे स्क्रिप्ट खोटं बोलतेय की ब्राउझर?

(इथे कोड डकवला की सगळा विस्कटतोय, म्हणून शब्दांत सांगितलं.)

---

घाटपायथा | सोमवार, रात्री ११:५५

वाचनखूण साठवली. मलाही आमच्या सोसायटीच्या संकेतस्थळासाठी हवंय.

---

पेंडिंगकाका | मंगळवार, सकाळी ७:१०

दोघंही खरं बोलतायत. तू दोघांना वेगवेगळे प्रश्न विचारतोयस.

ब्राउझर 'गेट' पाठवतो, तू 'हेड' पाठवतोस. हेड म्हणजे 'पान नको, फक्त वरचं पाकीट दाखव'. सर्वसाधारण सर्व्हरने गेट आणि हेड दोन्ही पाळलेच पाहिजेत असं एचटीटीपीचं मानक सांगतं, २०२२ चं आरएफसी ९११० उघडून बघ. पण मानक वाचून सर्व्हर लिहिणारे किती? कुणी हेडला ४०५ ('ही पद्धत चालत नाही') देतं, कुणी ५०१ ('हे जमत नाही'), आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे काही जण सरळ ४०४ ('पान सापडलं नाही') देतात. तिथे तुला कळणारच नाही की पान मेलंय की फक्त प्रश्न आवडला नाही.

तेव्हा हेड ठेव, पण हेडला २०० ('सगळं ठीक') सोडून काहीही आलं की त्याच पत्त्यावर एकदा गेट पाठव आणि गेटचाच निकाल धर. गेटमध्ये स्ट्रीम चालू ठेव, म्हणजे मजकूर खाली उतरणार नाही, नुसतं पाकीट येईल. तुमच्याकडे पीडीएफ नकाशे असणारच, ८० एमबीचा नकाशा प्रत्येक फेरीत उतरवायचा का? आणि काम झालं की जोडणी बंद कर, नाहीतर त्या उघड्या राहून साचतात.

आता तू न विचारलेली गोष्ट. रिक्वेस्ट्समध्ये गेट आपणहून पुनर्निर्देशन पाळतं, हेड पाळत नाही. म्हणजे ३०१ ('पान हलवलंय, तिकडे जा') आलं की ते ४०० पेक्षा लहान, म्हणून तुझी स्क्रिप्ट खुशाल हिरवं म्हणते. तो ३०१ पुढे कुठल्या भिंतीवर आपटतो हे तू बघितलेलंच नाहीस. तुझ्या ८८९ हिरव्यांवर माझा अजिबात विश्वास नाही.

---

गवताळवाट | मंगळवार, रात्री १०:३०

काका, दंडवत. १७९ लिंका लालमधून सुटल्या. आणि तुम्ही म्हणालात तसं हिरव्यातल्या २३ उलट लाल झाल्या, कारण ३०१ च्या पलीकडे ४०४ होतं. आता लाल ३४१.

पण एक विचित्र प्रकार. मी दोनदा चालवली, दोन्ही वेळा आकडा वेगळा. पहिल्यांदा ३४१, दुसऱ्यांदा ३५६. मधे मी काहीच बदललं नव्हतं.

---

शेवंती_टेस्टर | मंगळवार, रात्री १०:५२

आकडा हलतोय ना? मग तू त्यांना मारतोयस, ते तुला मारतायत. लाल यादी होस्टनुसार, म्हणजे कुठल्या सर्व्हरवरची लिंक त्याप्रमाणे, लाव आणि ४२९ किती आहेत ते सांग.

---

गवताळवाट | मंगळवार, रात्री ११:१५

ताई, १३१ लिंका एकाच ब्लॉगसेवेवरच्या आहेत! आमच्या जुन्या मंडळींचे सगळे ब्लॉग तिथेच. त्यातल्या बऱ्याच ४२९, काही ५०३ ('सध्या सेवा बंद'), उरलेल्या टाइमआउट.

---

शेवंती_टेस्टर | मंगळवार, रात्री ११:३१

झालं तर. ४२९ म्हणजे 'फार विनंत्या, जरा थांब'. ४० थ्रेड घेऊन एकाच दारावर गेलास तर दारवान आत सोडेल का?

थ्रेड ठेव, पण प्रत्येक होस्टमागे एका वेळी एकच विनंती आणि दोन विनंत्यांमध्ये एखाद सेकंद. वेगवेगळ्या होस्टवर एकाच वेळी जायला कुणाची हरकत नाही. ४२९ सोबत 'रिट्राय-आफ्टर' नावाचं शीर्षक (हेडर) येऊ शकतं, ते वाच. माझी स्क्रिप्ट इथेच एकदा आडवी झाली होती: मी धरून चालले की त्यात सेकंदच असणार आणि सरळ पूर्णांकात बदलायला गेले. त्यात पूर्ण तारीख-वेळही येऊ शकते. दोन्ही प्रकार मानकात आहेत.

आणि टाइमआउट दहा सेकंद म्हणजे एकूण दहा सेकंद असं समजू नकोस. जोडणी होईपर्यंत दहा आणि नंतर सर्व्हर काहीच न पाठवता गप्प बसला तर दहा. थेंब थेंब पाठवणारा सर्व्हर तुला तासभर झुलवू शकतो.

---

घाटपायथा | बुधवार, सकाळी ९:०५

अवांतर: १३८६ लिंका. ग्रुपात चाळीस जण धरा. प्रत्येकी पस्तीस लिंका, रविवारी चहा पिता पिता हाताने तपासून संपल्या असत्या. तुम्ही आयटीवाले पण ना!

---

पेंडिंगकाका | बुधवार, सकाळी ९:२०

चाळीसातले सात जण येतात, त्यातले चार चहालाच. आणि सहा महिन्यांनी परत?

---

गवताळवाट | बुधवार, रात्री ९:४०

घाटपायथा, काकांनी आमचा ग्रुप बघितलेला दिसतोय.

होस्टमागे एक विनंती केली. त्या १३१ च्या १३१ सुटल्या. स्क्रिप्टला आता चार मिनिटांऐवजी बावीस लागतात, पण आकडा हलत नाही. लाल २१०.

आता उरलेल्यांत ५८ जागी नकार आहे: बहुतेक ४०३, आणि एका नोकरी-ओळखीवाल्या संकेतस्थळाकडून चक्क ९९९ येतोय! असा क्रमांक असतो का? ब्राउझरमध्ये या ५८ च्या ५८ उघडतात. कुठेतरी वाचलं की यूजर-एजंटमध्ये (स्वतःची ओळख सांगणाऱ्या ओळीत) क्रोमचं नाव घातलं की काम होतं. घालू का?

---

दूरदेशी | बुधवार, रात्री १०:२०

९९९ मानकात नाही. तो त्यांचा स्वतःचा 'चल फूट' आहे. रिक्वेस्ट्स स्वतःची ओळख 'पायथन-रिक्वेस्ट्स' अशी देतं आणि बरेच सर्व्हर ते नाव बघूनच दार लावतात. क्रोमचं नाव घाल, पन्नासातल्या तीस सुटतील.

---

पेंडिंगकाका | बुधवार, रात्री १०:४५

मी विरोधात. वीस वर्षं सर्व्हर सांभाळले, खोटं नाव घेऊन येणाऱ्यांनीच माझी झोप घालवलीय. स्वतःचं नाव सांग: अमुक ग्रुपचा लिंक तपासनीस, आणि सोबत संपर्काचं पान. कुणाला त्रास झाला तर तो तुला लिहील, थेट आयपी बंद करणार नाही. शिवाय आजकालचे राखणदार नुसतं नाव बघत नाहीत. जोडणी जुळवतानाच्या हस्तांदोलनाची ढब बघतात, जावास्क्रिप्ट चालवून दाखव म्हणतात. मिशी लावून गेलास तरी चालण्यावरून ओळखतील.

४०३ म्हणजे 'पान नाही' असं नव्हेच. 'तुला दाखवत नाही' असं आहे. त्यांना लाल यादीतून काढ आणि 'माणसाने बघावं' अशी तिसरी यादी कर. घाटपायथांना रविवारच्या चहासोबत तीच दे.

---

दूरदेशी | बुधवार, रात्री ११:०२

काका, तत्त्व मान्य. पण ट्रेकिंग ग्रुपच्या अठ्ठावन लिंकांनी कुणाची झोप उडणार नाही. असो, ज्याचा त्याचा धर्म.

---

गवताळवाट | बुधवार, रात्री ११:३०

काकांचं ऐकलं. ५८ तिसऱ्या यादीत. लाल १५२.

यांत बारा ठिकाणी सुरक्षा प्रमाणपत्राची चूक येते, 'स्थानिक पातळीवर जारीकर्ता सापडला नाही' अशा अर्थाची. सगळी दोनच संकेतस्थळांवरची, आणि क्रोममध्ये तक्रारीशिवाय छान उघडतात. लोक सांगतात व्हेरिफाय, म्हणजे प्रमाणपत्राची तपासणी, बंद कर. करू का?

---

दूरदेशी | गुरुवार, पहाटे २:१५

(इथे जर्मनीत अजून रात्रच आहे.)

हा माझा प्रांत. सर्व्हरने स्वतःचं प्रमाणपत्र आणि मधल्या जारीकर्त्याचं प्रमाणपत्र, अशी दोन्ही द्यायची असतात. मूळ जारीकर्ता तुझ्या यंत्रावर असतोच. या दोन संकेतस्थळांनी बहुधा मधलं दिलेलं नाही. साखळीची मधली कडी गायब. प्रमाणपत्राच्या आतच 'मधलं इथे मिळेल' असा पत्ता लिहिलेला असतो आणि क्रोम तिथे जाऊन ते स्वतः घेऊन येतो. पायथन तेवढे कष्ट घेत नाही, म्हणून त्याला साखळी तुटलेली दिसते. ओपनएसएसएलच्या 'एस-क्लायंट'ने सर्व्हर काय काय प्रमाणपत्रं देतो ते बघ, एकच दिसलं तर हेच.

व्हेरिफाय सगळीकडे बंद नको. फक्त ही चूक आली तरच त्या पत्त्यापुरतं बंद करून परत विचार आणि नोंदीत 'पान आहे, प्रमाणपत्र अपुरं' असं लिही. तू तिथे पासवर्ड देत नाहीयेस, नुसतं दार वाजवतोयस. आणि जमलं तर त्या दोघांना एक मेल टाक, तपासणीची दोन मिनिटं त्यांचे चार तास वाचवतील.

---

गवताळवाट | गुरुवार, रात्री १०:०५

एकच प्रमाणपत्र दिसलं! मेल टाकलीय दोन्हीकडे. लाल १४०.

पण आता खरी डोकेदुखी. या १४० मध्ये ४३ लिंका आमच्याच संकेतस्थळाच्या आहेत. आमची पानं, आमचा सर्व्हर, ना राखणदार ना ४२९. ब्राउझरमध्ये टिचकी मारली की पान उघडतं. स्क्रिप्टला मात्र नेमाने ४०४. गेटलाही ४०४. डोकं फिरलंय. सगळे पत्ते देवनागरीत आहेत एवढं खरं, पण देवनागरी पत्त्याची इतर दोनशे पानं हिरवी आहेत.

---

शेवंती_टेस्टर | गुरुवार, रात्री १०:२०

दोन संशयित. एक, पत्ता आधीच टक्क्यांच्या रूपात (एकेक बाइट '%' आणि दोन खुणांनी) बदललेला असताना तू तो परत बदलतोस, मग टक्क्याच्या चिन्हाचाच '%२५' होतो. दोन, सर्व्हरच्या उत्तराच्या शीर्षकांत अक्षरसंच लिहिलेला नसेल तर रिक्वेस्ट्स मजकूर लॅटिन-१ (युरोपीय भाषांचा जुना अक्षरसंच) धरून उलगडतं आणि देवनागरीची खिचडी होते. टेक्स्टऐवजी कच्चे बाइट्स, म्हणजे कंटेंट, सूपला देतोयस ना?

---

गवताळवाट | गुरुवार, रात्री १०:४१

कंटेंटच देतोय. '%२५' कुठेच नाही. आणि तसं असतं तर ती दोनशे पानंही पडली असती ना, ताई?

वर्षाप्रमाणे लावून बघितलं, ४३ पैकी ४१ पानं २०१० ते २०१४ मधली. पण त्याच वर्षांतली बाकीची पानं ठीक आहेत.

---

शेवंती_टेस्टर | गुरुवार, रात्री १०:४४

बरोबर आहे तुझं. नावं टाक बघू त्यांची. सगळी नकोत, दहा-बारा.

---

गवताळवाट | गुरुवार, रात्री १०:५२

हरिहरच्या पायर्‍या
मुळा खोर्‍यातली गावं
पुजार्‍याचं घर आणि मुक्काम
वार्‍याच्या दिवसांत कोकणकडा
सांधणसारख्या दर्‍या
नवख्या भटकणार्‍यांसाठी
कातळात कोरलेल्या पायर्‍या
गावकर्‍यांचे फोन
पावसाळ्यात घसरणार्‍या वाटा
किनार्‍यावरचे दुर्ग

---

शेवंती_टेस्टर | गुरुवार, रात्री १०:५४

अरे!! मोठ्याने वाच. प्रत्येकात 'ऱ्य' आहे.

---

घाटपायथा | गुरुवार, रात्री १०:५८

पायऱ्या, खोऱ्या, पुजाऱ्या, वाऱ्या, दऱ्या... अंगावर काटा आला राव. झोप गेली माझी.

---

पेंडिंगकाका | गुरुवार, रात्री ११:१०

सर्व्हरची नोंदवही उघड. हरिहरच्या पानाला एकदा ब्राउझरने जा, एकदा स्क्रिप्टने. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेव आणि त्या टक्क्यांच्या रांगेची लांबी मोज. वाचू नकोस, नुसती मोज.

---

गवताळवाट | गुरुवार, रात्री ११:३६

ब्राउझरची ओळ बरोब्बर नऊ अक्षरांनी लांब आहे. मधोमध '%ई२%८०%८डी' एवढा तुकडा जास्तीचा. तो स्क्रिप्टच्या ओळीत नाही.

---

पेंडिंगकाका | गुरुवार, रात्री ११:५८

तो झिरो विड्थ जॉइनर. यू+२००डी. दिसत नाही, जागा घेत नाही, पण यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्स खातो, आणि एकेका बाइटची तीन अक्षरं म्हणून नऊ.

आता नीट बस. आपला हा चंद्रकोरीचा र तीन प्रकारांनी लिहिता येतो. एक, स्वतंत्र अक्षर ऱ, त्याला हलन्त, मग य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबलं की हाच येतो. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता म्हणजे टिंब, मग हलन्त आणि य. तीन, साधा र, हलन्त, मग हा अदृश्य जॉइनर आणि मग य. पडद्यावर तिन्ही सारखेच. यंत्राला तीन वेगळे शब्द. 'पायऱ्या' पहिल्या पद्धतीने सात खुणांचा, दुसऱ्या-तिसऱ्या पद्धतीने आठ. पायथनला लांबी विचारून बघ.

जॉइनर काढलास तर चंद्रकोर जाते आणि रफार येतो: पायर्या. हिंदीत चालेल, पण त्या नावाची फाइल तुमच्या सर्व्हरवर नाही, म्हणून ४०४. तेव्हा प्रश्न एकच: तुझ्या स्क्रिप्टमध्ये जॉइनर कोण खातंय?

---

गवताळवाट | शुक्रवार, रात्री १२:२०

मीच.

सुरुवातीला व्हॉट्सॲपवरून डकवलेल्या काही लिंकांच्या शेवटी अदृश्य कचरा यायचा, त्याने पत्ते बिघडायचे. म्हणून 'अदृश्य अक्षरं काढा' असं एक फंक्शन कुठूनसं उचलून घातलं होतं. ते यू+२००बी पासून यू+२००एफ पर्यंत सगळं झाडून काढतं. २००डी बरोब्बर मधे. ते इंग्रजी पत्त्यांसाठी लिहिलेलं असणार, त्यांना जॉइनरचं काय!

आणि २०१०–१४ चं कोडंही सुटलं. तेव्हा सगळी पानं आमचे एक ज्येष्ठ सभासद टंकायचे, त्यांच्या लिप्यंतराच्या कीबोर्डवर तिसऱ्या प्रकारचा 'ऱ्य' यायचा. नंतरची पोरं फोनवर टंकतात, त्यांचा पहिल्या प्रकारचा.

फंक्शन बदललं: पत्त्याच्या मागच्या-पुढच्या टोकांनाच झाडू मारायचा, मधे हात लावायचा नाही. ४३ च्या ४३ हिरव्या. लाल ९७, आणि यातल्या हाताने बघितलेल्या सगळ्या खरंच मेलेल्या आहेत.

---

दूरदेशी | शुक्रवार, पहाटे १:०५

त्या ४१ सोडून ज्या दोन, त्यांचं काय?

आणि सगळं एकसारखं करायला एनएफसी (युनिकोडची अक्षरं एका ठरावीक रूपात आणणारी पद्धत) लावशील, तर जपून. एनएफसी दुसऱ्या प्रकाराला पहिल्यात बदलतं, र आणि नुक्ता जोडून ऱ करतं. तिसऱ्या प्रकारातल्या जॉइनरला मात्र ते हात लावत नाही. जुन्या मॅकवरून, एचएफएस प्लसच्या काळात, फाइली चढवल्या असतील तर त्यांची नावं दुसऱ्या प्रकारात असू शकतात, कारण ती फाइलव्यवस्था नावं सुटी करून ठेवायची. लिनक्स सर्व्हरला मात्र बाइट म्हणजे बाइट.

---

पेंडिंगकाका | शुक्रवार, सकाळी ७:३०

आणि उत्साहाच्या भरात फाइलींची नावं बदलत सुटू नकोस. बदललीस तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ ठेव. नाहीतर तुटक्या लिंका शोधता शोधता ४३ नव्या तोडशील.

हिरव्यांकडेही बघ. 'पान सापडले नाही' असं लिहून वर २०० देणारे महाभाग असतात. प्रत्येक होस्टवर मुद्दाम एक वेडावाकडा, असूच शकत नाही असा पत्ता मागायचा. त्यालाही २०० आलं तर त्या होस्टच्या २०० ला अर्थ नाही.

---

गवताळवाट | शनिवार, दुपारी ४:१५

काकांची युक्ती लावली. हिरव्यांतून आणखी १९ निघाल्या. त्यातली एक बघून वाईट वाटलं: एका जुन्या भटक्याचा ब्लॉग होता, अलंग-मदन-कुलंगच्या वाटा त्याच्याइतक्या नेमक्या कुणी लिहिल्या नव्हत्या. डोमेनचं नूतनीकरण राहिलं असणार. आता तिथे रमी खेळा, बोनस मिळवा. कुठलाही पत्ता टाका, २०० आणि रमी.

जुन्या पानांच्या प्रती साठवणाऱ्या वेबॅक मशीनला पत्ता देऊन जवळची प्रत विचारता येते, ते स्क्रिप्टमध्ये घातलं. आधी त्याने मला रमीचीच प्रत काढून दिली. मग विनंतीत तारीख जोडली, आमचं पान ज्या वर्षी लिहिलं गेलं ते वर्ष, तेव्हा कुठे खरा ब्लॉग आला, छायाचित्रांसकट. एकूण ११६ मेलेल्यांपैकी ८१ च्या प्रती सापडल्या, तिकडे लिंका वळवल्या. बाकीच्या काढून टाकल्या.

दूरदेशी, त्या दोनांचं उत्तर: एक पान २०१९ मध्ये जुन्या पानाची नक्कल करून बनवलेलं, त्यामुळे जॉइनर सोबत आला. दुसरंही तसंच. पण हे शोधताना वेगळीच गंमत कळली: आमच्याकडे 'हरिहरच्या पायऱ्या' नावाची दोन पानं आहेत. एक २०१२ चं, तिसऱ्या प्रकारचं. एक २०२४ चं, पहिल्या प्रकारचं. नव्या पोराने फोनवर शोधलं, पान नाही म्हणाला शोध, म्हणून त्याने बिचाऱ्याने नवं लिहिलं. पत्ता वाचायला तोच, मजकूर निराळा.

---

शेवंती_टेस्टर | शनिवार, दुपारी ४:४०

मग एक ठेव, दुसऱ्यावरून ३०१. त्यात काय?

---

गवताळवाट | शनिवार, संध्याकाळी ६:०२

ठेवलं असतं ताई, पण दोन्हींत पायऱ्यांचा आकडा वेगळा आहे. दोघंही म्हणतात मी स्वतः मोजल्या. उद्या पहाटे साडेचारला निघतोय. घाटपायथा, येताय का? चहा आहे.